पायाने वाकणारा डबा

"खिचडी चांगली रांदते वं, पन तिच्या हाताले मासोळीचा वास येते."

बोरिंगच्या दांड्यावर एक बाई सगळा भार टाकून पाणी काढत होती. दुसरी खाली पाण्याचा गुंड धरून बसली होती. मी त्यांच्या मागे माझ्या नंबरची वाट पाहत उभी होते, आणि त्या दोघींनाही मी दिसत होते.

"हळू बोल ना. तिची पोरगी उभी हाय."

"उभी राहू दे. थे कॉन्व्हेंटची व्हय. तिले आपलं बोलनं कुठी समजते?"

मला सगळं समजत होतं. मी याच गावात जन्मले, सहा वर्षांची होईपर्यंत याच बोलीत रडले, भांडले. मग मामाने मला गडचांदूरला नेलं. तो सिमेंटच्या कारखान्यात कामाला होता, त्याला दोन मुलगेच होते, आणि तिथे इंग्रजी शाळा होती. दहावी तिथे झाली, पुढे चंद्रपूरला बी.एस्सी. या सगळ्यात गावची बोली माझ्या तोंडातून गेली, कानात मात्र तशीच राहिली. सुट्टीत गावी आले की माझं पुस्तकातलं मराठी ऐकून पोरीबाळी फिदीफिदी हसायच्या. "म्याडम आल्या, म्याडम आल्या." म्हणून मी गावात बोलणंच सोडलं. गावाने त्याचा अर्थ घमेंड असा लावला. मीही तो खोडून काढला नाही.

त्या दिवशी माझा नंबर आला. गुंड भरला, डोक्यावर घेतला आणि त्या दोघींच्या अगदी मधून घरी आले. त्यांना सरकावं लागलं, एवढं मात्र मी मुद्दाम केलं.

बोलणं माझ्या मायबद्दल होतं. शाळेत मुलांना खिचडी मिळायला लागली तेव्हापासून ती खिचडी माय शिजवत होती. त्या जुलैमध्ये, मी पदवीचा निकाल घेऊन आणि बी.एड.च्या यादीची वाट पाहत घरी आले होते तेव्हा, शाळेतल्या आठ-नऊ मुलांना एकाच आठवड्यात हगवण-उलट्या झाल्या. दोघांना तर चिमूरला नेऊन सलाईन लावावं लागलं. सगळी बरी झाली, पण मुलं आजारी पडली म्हणजे कोणाचा तरी दोष असणारच. आमचं घर तलावावर जगणारं, बाकी गाव धानाच्या बांद्यांवर, शेतीवर. दोष कोणाच्या दारात जाणार हे ठरायला वेळ लागला नाही. हीच माणसं रविवारी आमच्या दारात उभी राहून "जराशी मोठी दे ना वं" म्हणत मासोळी निवडून घ्यायची. तेव्हा मायच्या हाताला वास नसायचा.

घरी आले तर माय मागच्या सांदवाडीत, परसात, बसून राख आणि अर्धं लिंबू घेऊन हात घासत होती. म्हणजे तिला मी सांगायची गरज नव्हती.

"किती घासशील?" मी म्हटलं.

"घासते बापा. जात काय हाय माह्यं?"

मी तिचा ओला हात हातात घेतला आणि नाकाशी नेला. लिंबाचा वास होता, त्याखाली हळदीचा, आणि चुलीच्या धुराचा. मासोळीचा नव्हता. असणार तरी कसा? शाळेची खिचडी सुरू झाल्यापासून माय सकाळी मासोळीला हातच लावत नव्हती. आमच्या लोकांत मासे मारायचे पुरुषांनी आणि खवले काढायचे, कापायचे, विकायचे बायांनी. पण शाळेच्या दिवशी माझा बा स्वतः विळीवर बसायचा. त्याचे सोबती कुंपणावरून म्हणायचे, "काय गा, लुगडं कवा नेसतं?" बा खवले काढत राहायचा.

"वास नाही येत," मी मायला सांगितलं.

"वास हातात कुठी रायते पोरी," ती म्हणाली. "त्याईच्या नाकात रायते."

दुपारी शाळेतून निरोप आला. शनिवारी समितीची बैठक आहे, स्वयंपाकाच्या बाईचं काय करायचं ते त्यात ठरेल. माय निरोप आणणाऱ्याला "बरं" म्हणाली आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसली. बा जाळं शिवत होता. सोसायटीने तलावात नुकतंच मासोळीचं बीज सोडलं होतं, त्यामुळे जाळं टाकायला बंदी होती आणि तो दिवसभर घरीच असायचा. त्याने जाळ्यातून मान वर न काढता विचारलं, "या गावातलं येक लगीन सांग, जिथी तुया मायनं पानी भरलं नाई."

ते खरंच होतं. गावात कोणाचंही लग्न असो, मांडवातलं पाणी भरायचा मान आमच्या लोकांचा. रांजण आमच्याच बायांनी भरायचे. त्या हातचं पाणी सगळं गाव पितं आणि पिऊन ढेकर देतं.

मायला ते काम सुटायला नको होतं. ती शाळेत कधी गेली नव्हती, पण त्या खिचडीमुळे ती रोज शाळेत जायची. मास्तर तिला "बाई" म्हणायचे. मुलं तिला "खिचडीवाली माय" म्हणायची आणि ताटली पुढे करताना तिच्याकडे बघून हसायची. रजिस्टरवर सही करायची म्हणून ती सही शिकली होती, आणि ती सही ती चुलीपुढच्या राखेत बोटाने कधीकधी उगाच काढून बघायची. हे काम जाणं म्हणजे काय, हे मला ती राख पाहून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्राच्या नर्सबाई आजारी मुलांची घरं बघायला आल्या. त्यांना सोबत कोणीतरी हवं होतं, म्हणून मी त्यांची पिशवी धरून फिरले. चार घरं झाल्यावर त्या वैतागून म्हणाल्या, "खिचडी, खिचडी लावलंय सगळ्यांनी. तुझ्या आईची खिचडी चुलीवरच्या मोठ्या गंजात रटरटणारी. त्यात काय जगणार आहे? पोरांचे हात बघितले का कोणी?"

मी बघायला गेले. मधल्या सुट्टीत शाळेसमोरच्या कडुलिंबाखाली उभी राहिले आणि फक्त बघत बसले, ते मला चांगलं जमतं. सुट्टीत पांगलेली मुलं शेताकडून, बांधावरून, गुरांमागून धावत आली. हात कोणी चड्डीला पुसले, कोणी पुसलेच नाहीत. पाण्याच्या ड्रममध्ये प्रत्येकाने आपापली ताटली बुडवली, मनगटापर्यंत हात आत. त्याच पाण्याने ताटली विसळली, तेच पाणी प्यायली. साबण होता का? होता. एक वडी. मास्तरांनी तो चोरीला जाईल म्हणून कपाटात, भारताच्या नकाशाशेजारी, कुलूप लावून ठेवला होता.

मला चंद्रपूरच्या दवाखान्यातली एक गोष्ट आठवली. मामाचं ऑपरेशन झालं तेव्हा खोलीबाहेर एक डॉक्टर हात धुवत होते, आणि नळ त्यांनी कोपराने उघडला होता. हात स्वच्छ झाल्यावर कशालाच लागायला नकोत, म्हणून. साबण उघड्यावर ठेवला तर तो चिखलात पडणार. लोटा ठेवला तर घाण हाताने धरलेला लोटा धुतलेल्या हाताने पुन्हा धरायचा. हात न लावता हातावर पाणी पडायला हवं. मी घरी येऊन मायला कोपराचं सांगितलं.

"कोपरानं काऊन?" ती म्हणाली. "पोट्ट्याचा कोपर पोहोचन कुठी? ढेकी पायानंच दाबते ना."

ढेकी आमच्या पडवीतच होती, धान कांडायची, एका टोकाला पाय दिला की दुसरं टोक उचलणारी. मी तीन वर्षं फिजिक्स शिकले होते आणि लीव्हर म्हटलं की मला पुस्तकातली आकृती आठवायची. पडवीतली ढेकी आठवली नव्हती.

मग आम्ही तो डबा बांधायला घेतला. डबा म्हणजे तेलाची पाच लिटरची प्लास्टिकची रिकामी कॅन. सांदवाडीत दोन बेचक्यांचे खुंट रोवले, त्यावर आडवी काठी, आणि काठी कॅनच्या मुठीतून ओवलेली. कॅनला तोंडाजवळ, बाजूला, एक भोक. तोंडाला दोरी बांधायची, दोरीचं दुसरं टोक जमिनीवरच्या काडीला. काडीवर पाय दिला की दोरी ओढली जाते, कॅन पुढे वाकते, भोकातून पाणी हातावर पडतं. पाय काढला की कॅन आपोआप सरळ. वहीत मी हे सगळं काढलं होतं, आणि वहीत कॅन प्रत्येक वेळी सरळ होत होती.

सांदवाडीत झाली नाही. आधी दोरी सरकली. मी चार गाठी एकावर एक मारल्या, तरी ओली झाली की नायलॉनची दोरी गाठीतून सुटायची. भोक मी तापवलेल्या खिळ्याने पाडलं होतं, ते एवढं मोठं झालं की दोन वेळा पाय दिला की कॅन रिकामी. आणि अर्धी कॅन संपली की ती वाकलेलीच राहायची, सरळ व्हायला तयारच नाही, उरलेलं पाणी जमिनीत.

कुंपणापलीकडून धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या.

"म्याडम, त्या डब्याले फाशी काऊन देल्ली वं?"

"गुन्हा केला असन बापा त्यानं."

"तेल खाल्लं असन!"

त्या हसत निघून जायच्या. मी मान खाली घालून खिळा तापवत बसायचे. पण जागा बदलली नाही. भिंतीच्या आडोशाला बांधता आला असता तो डबा. तो मी कुंपणाजवळच, वाटेवरून दिसेल असाच ठेवला. हसायचं ते समोर हसा.

तिसऱ्या दिवशी बा जाळं बाजूला ठेवून उठला. त्याने माझ्या गाठी एकेक करून सोडल्या आणि जाळ्याची गाठ मारून दाखवली, बोटाभोवती एक वेढा, खालून वर, आणि ओढली की घट्ट. "हे वली झाली का आनखी बसते," तो म्हणाला. मग वाकलेल्या कॅनकडे बघत उभा राहिला.

"वापस काऊन येत नाई मालूम हाय?"

मी त्याला गुरुत्वमध्याबद्दल सांगायला लागले. पाणी कमी झालं की गुरुत्वमध्य सरकतो वगैरे. त्याने ऐकून घेतलं.

"हव," तो म्हणाला. "म्हंजे बुडाले भार नाई."

जाळ्याच्या काठाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या त्याने आणल्या, एका चिंधीत बांधल्या आणि चिंधी कॅनच्या बुडाला, मागच्या बाजूला बांधून टाकली. मी पाय दिला. कॅन वाकली. पाय काढला, सरळ झाली. अर्धी रिकामी करून पाहिली, पाव करून पाहिली. प्रत्येक वेळी सरळ.

माय दारात उभी राहून बघत होती. "साबन कशात?" तिने विचारलं.

मी कपड्याच्या साबणाची वडी किसून गरम पाण्यात विरघळवली होती आणि तेच पाणी कॅनमध्ये भरणार होते. मायच्या प्रश्नाने कळलं, की साबण लावल्यावर तो धुवायचा कशाने? बोरिंगच्या दांड्याला तेच हात लागणार. म्हणून त्याच आडव्या काठीवर दुसरी कॅन आली. डाव्या पायाला साबणाचं पाणी, उजव्या पायाला साधं. दुसऱ्या कॅनची गाठ मी मारली. बाने ओढून पाहिली आणि तशीच ठेवली, म्हणजे जमली होती.

गुरुवारी आम्ही ते सगळं शाळेत नेऊन बोरिंगशेजारी रोवलं. मास्तर म्हणाले, "लावा. पण मोडलं तर मला विचारू नका." मी मुलांना काही समजावून सांगितलं नाही. तोंड उघडलं असतं तर माझ्या "आहे-नाही"वर हशा झाला असता. मी फक्त सगळ्यांपुढे उभी राहिले, डावा पाय दिला, हात चोळले, उजवा पाय दिला, आणि ओले हात वर धरून बाजूला झाले.

मग जे झालं त्याला रांग म्हणता येणार नाही. पहिल्या वर्गानेच साबणाची अख्खी कॅन संपवली. काहींनी तोंडं धुतली, दोघांनी डोकी. पहिलीतली एक मुलगी इतकी हलकी होती की तिच्या एका पायाने काडी दबेना. ती दोन्ही पायांनी काडीवर चढून उभी राहिली आणि हात पुढे धरून खाली पडणाऱ्या पाण्याकडे गंभीरपणे बघत राहिली. संध्याकाळी मी कॅन बदलल्या आणि नव्यांना छत्रीच्या काडीने बारीक भोकं पाडली. शुक्रवारी मुलांनी स्वतःच नियम काढला, साबणाला एक पाय, मोठ्याने वीसपर्यंत मोजणी, पाण्याला दोन पाय. जो वीसच्या आधी थांबेल त्याला बाकीचे मागे ढकलायचे. ड्रमचं पाणी काढायला मास्तरांनी लांब दांड्याचा डाव टांगला.

या दोन दिवसांत मी आणखी एक गोष्ट पाहिली. खिचडी वाढायच्या आधी गावातल्या जबाबदार माणसाने ती चाखायची आणि रजिस्टरवर सही करायची, असा नियम होता. मुलांना काही अपाय होऊ नये म्हणूनच होता तो. समितीचे अध्यक्ष भाऊ हे काम मनापासून करायचे. स्वतःची रोवणी सोडून रोज सायकलवर यायचे. आले की आधी खर्रा घोटायचे, प्लास्टिकच्या तुकड्यात तंबाखू-सुपारी-चुना, दोन्ही तळव्यांत दाबून, चोळून, पायरीवर बसून. चिमूट गालात जायची. मग हात धोतराला पुसून ते उठायचे, गंजावरचं झाकण काढायचे आणि मधोमध चार बोटं घालून घास उचलायचे. चाखायचे. पुन्हा बोटं घालायचे. "मीठ बराबर हाय," म्हणायचे आणि सही करायचे.

शाळेत सगळ्यांसमोर हे घडायचं आणि कोणाला ते दिसत नव्हतं. सकाळभर बैलांमागे असलेला, खर्रा घोटलेला हात खिचडीच्या गंजात जात होता, आणि गाव माझ्या मायचा हात हुंगत होतं.

शुक्रवारी घरी मी मायला विचारलं, "तू पाहिलंस ना?"

"रोजच पायते."

"मग?"

"सांगन कोन?" ती म्हणाली. "मी सांगू? रांदनारीनं?"

शनिवारी शाळा सकाळची. बैठक ओसरीवरच भरली. खिचडी शिजून तयार होती, माय गंजाजवळ पदर सावरून बसली होती, मुलं हात धुवून ओळीत ताटल्या घेऊन बसली होती आणि ताटल्या वाजवत होती. समितीची माणसं सतरंजीवर, बोरिंगवरच्या त्या दोघी बाया खांबाला टेकून. मी भिंतीशी उभी राहिले. बा आला नाही. तो म्हणाला, मी आलो तर भांडन.

अध्यक्ष भाऊ वाईट माणूस नव्हते, हे इथे लिहिलंच पाहिजे. त्यांनी सुरुवातच कौतुकाने केली.

"पयले पोरीचं नाव काढतो. काय वस्तू बनवली! आपल्या गावच्या पोरीनं. शिकलेलं वाया नाई गेलं."

"म्याडम हुशार हाय," कोणीतरी म्हणालं.

"आता बाईची गोष्ट," भाऊ म्हणाले. "बाई रांदते चांगली, त्याच्यात वाद नाई. पन लोकायच्या मनात आलं तं आलं. कोनाचं मन दुखवाले नको, आन बाईचं कामबी जाले नको. मी सांगू काय कराचं? बाई रांदन. वाढाले दुसरी कोनी लावू. आन पान्याच्या डरमाले बाईनं हातच लावाचा नाई."

"मंग रांदाले पानी कुठून घेन थे?" मास्तरांनी विचारलं.

"थेच तं सांगून राह्यलो! पोरीनं सोय करून देल्ली ना. ते डबे उचलून चुलीपाशी लावा. पाय देल्ला का पानी. हात लागाचा प्रश्नच मिटला."

ओसरीवर एक समाधानाची लाट फिरली. खांबाला टेकलेली एक बाई म्हणाली, "हे बेस झालं बापा." दुसरी म्हणाली, "आपल्यालेबी वाईट वाटत होतं ना."

"आन पोट्टे?" मास्तर पुन्हा म्हणाले. त्या माणसाला मी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"पोट्ट्याईचं काय? पयलेसारखं. येवढी चांगली वस्तू पोट्ट्याईच्या हाती देल्ली तं आठ दिवसांत मोडून टाकते."

मी मायकडे पाहिलं. तिची मान किंचित हलायला लागली होती. ती हो म्हणणार होती. काम राहत होतं ना. चार दिवस आम्ही तिघांनी जे बांधलं, ते आता तिच्यासाठीच कुंपण होणार होतं, ते तिच्याच चुलीजवळ रोवलं जाणार होतं, आणि पुढे तिने रोज पायाने पाणी घ्यायचं, ज्या मुलांना शिजवलं त्यांच्यापुढे ताटली भरायला जायचं नाही, आणि सगळ्यांनी म्हणायचं की बघा, कोणाचंच मन दुखावलं नाही. मुलांच्या ताटल्या पुन्हा ड्रममध्ये. पहिलीतल्या त्या मुलीचे हात पुन्हा फ्रॉकला. आणि हे सगळं माझ्या हुशारीच्या जोरावर.

कॉलेजात सेमिनारला उभं राहताना व्हायचं तसंच झालं. इंग्रजीत वाक्य जुळवावं, मग ते मराठीत आणावं, मग ते इथल्या माणसांना हसू येणार नाही असं करावं, तोपर्यंत बैठक संपून जाणार होती.

"मंग मंजूर म्हनून लिहा मास्तर," भाऊ म्हणाले. त्यांनी हातातला खर्रा शेवटचा चोळला, चिमूट गालात टाकली, तळवे धोतराला पुसले आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. "चला, पोट्टे भुकेजले. चाखून घेतो."

ते गंजाकडे निघाले. मायने सवयीने झाकण उचलून दिलं. वाफ वर आली. मी भिंत सोडली. चार पावलं होती. मी गंजाच्या आणि त्यांच्या मधे जाऊन उभी राहिले आणि मायच्या हातातलं झाकण घेऊन परत गंजावर ठेवलं. तो आवाज बराच मोठा झाला. ताटल्या थांबल्या.

"काय झालं वं पोरी?" भाऊ म्हणाले. ते रागावले नव्हते, नुसते थबकले होते. त्यांची बोटं अजून पुढेच होती.

मला वाक्य जुळवावं लागलं नाही. ते माझ्याकडे होतंच, सहा वर्षांची होईपर्यंत ज्या बोलीत मी भांडले त्या बोलीत, आणि ते माझ्या एरवीच्या आवाजापेक्षा बरंच मोठ्याने निघालं.

"भाऊ, तुमी रोज खर्रा घोटता आन त्याच हातानं गंजातला घास उचलता. मी दोन दिवस पाह्यलं, माय वर्षभर पायते. हे डबे माह्या मायच्या हातासाठी नाई बांधले. या गंजात जो कोनी हात घालन, त्याच्यासाठी बांधले. जिथी हाय तिथीच रायते ते, आन वाढन माह्यी मायच. पयले तुमी चला. डावा पाय साबनाले, आन वीसपर्यंत मोजा."